बाराव्या कलमातली कोरी जागा

तिमिश्वारा, ४ मार्च २०१९

प्रिय वेता,

तू पाठवलेला मार्चचा शकुनाचा लाल-पांढरा दोरा पोचला. कोटाला लावूनच हे लिहिते आहे. पाकीट जाड दिसल्यावर तुला कळलंच असेल की आत भांडण आहे. तेरा वर्षांपूर्वी मेलिंग लिस्टवर तीनशे लोकांसमोर आपण एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, तेव्हापासून आपला करार आहे: दोघींचा मतभेद झाला तर कागदावर लिहायचं आणि टपालाने पाठवायचं. पाकीट चिकटवून पोस्टाच्या रांगेत उभं राहीपर्यंत अर्धा राग उतरतो, हे तत्त्वज्ञान तुझंच.

तर मुद्दा. आपली खार आता अठरा वर्षांची झाली. कॉलेजच्या तळघरात दोघींनी मिळून प्रोग्रामिंगची एक भाषा काढली, तिला खारीचं नाव दिलं, आणि कुठे कुठे लोक ती वापरायला लागले. पण आता वाढ खुंटली आहे, वेता. मारामुरेशकडच्या एका शाळामास्तरांनी मला लिहिलंय: "बाई, मुलांना 'नमस्कार डोरिना, तू सातवीत आहेस' एवढं छापायला सात ओळी लिहाव्या लागतात. तिसऱ्या ओळीला अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत असतो."

इथे इलिंका नावाची एक मुलगी आहे. सत्तावीस वर्षांची, दीड वर्ष आमच्याकडे काम करते. तिने उपाय काढलाय. वाक्य आपण बोलतो तसं सरळ लिहायचं, आणि नाव जिथे यायला हवं तिथे महिरपी कंसात त्या माहितीचं नाव टाकायचं. सात ओळींची एक ओळ. क्लुजच्या संमेलनात तिने हे दाखवलं तेव्हा लोक उभे राहिले गं. मी मागे बसले होते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अकरा तारखेला प्रस्ताव लिस्टवर टाकते. नियम तुला पाठ आहे: भाषेच्या राखणदारांपैकी कोणी चौदा दिवसांत 'नाही' म्हटलं नाही, तर मौन म्हणजे होकार. राखणदार उरलो आपण दोघीच. म्हणजे भीती फक्त तुझ्या तोंडाची.

तुझी,
स्मारांदा


याश, ९ मार्च २०१९

प्रिय स्मारा,

क्लुजला लोक उभे राहिले म्हणतेस. मजकूर हाताळण्याचा भाग मी तीन हिवाळे खपून लिहिला आणि त्याच क्लुजमध्ये मांडला, तेव्हा लोक बसूनच होते. एक तर झोपला होता. आणि तुझ्या डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नव्हतं, तू बाहेर कॉफीच्या रांगेत होतीस.

आता तुझ्या त्या सोनपरीबद्दल. इतर दहा भाषांत हे आहे, म्हणजे तिने काही नवा शोध लावलेला नाही. महिरपी कंस उमटवायला आपल्या कळफलकावर बोटं वाकडी करावी लागतात. आणि उद्या कोणाला खराखुरा महिरपी कंसच छापायचा असेल तर काय करायचं? त्यासाठी अजून एक नियम, त्याला अपवाद, अपवादाला तळटीप. घरात एक पाहुणा येतो आणि त्याच्यासाठी तीन खाटा टाकाव्या लागतात, तसलं हे.

सात ओळींवर हसता सगळे. त्या सात ओळी मी मुद्दाम सात ठेवल्या आहेत. प्रत्येक तुकडा हातात घ्यायचा, आहे ना ते बघायचं, मग जोडायचा. तुकडा सापडला नाही तर प्रोग्राम जागच्या जागी थांबतो आणि कारण सांगतो. लोक त्याला 'वेतुरियाचा थांबा' म्हणतात, शिव्या देत का होईना. सोय म्हणजे दुसऱ्याच कोणीतरी तुझ्यासाठी आधीच घेऊन ठेवलेला निर्णय. तो बरोबर होता की नाही हे नंतर कळतं.

दीड वर्ष काम करते म्हणे. दीड वर्षात मला तुझी सोळा पत्रं आली, त्यात हे नाव एकदाही आलं नाही. लपवून ठेवली होतीस का?

तुझी (अजून तरी),
वेतुरिया


तिमिश्वारा, १५ मार्च २०१९

प्रिय वेता,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, आणि तिसऱ्यांदा मी इलिंकाला वाचून दाखवणार होते, पण नाही दाखवलं.

तुझ्या पोटात दुखतंय, आणि ओवा तू कळफलकाला देते आहेस. कंस उमटवायला बोटं वाकतात हा काय मुद्दा झाला? खराखुरा कंस हवा असेल तर तो दोनदा लिहायचा, संपलं. हे तिने चौथ्या कलमात लिहिलं आहे. शब्दांचा क्रम बदलायचा असेल, अक्षरं मोजायची असतील, सगळ्याचा विचार केलाय तिने. एकूण चौदा कलमं आहेत. वाचायची तर वाच, नाहीतर सोड.

नाव का नाही सांगितलं ते मात्र विचारलंस, बरं केलंस. नाही सांगितलं, कारण तू असंच लिहिशील हे माहीत होतं. बुखारेस्टचा तो सोरिन आठवतो? त्याने अक्षरांच्या क्रमवारीचं काम किती सुरेख केलं होतं. तू त्याच्या प्रत्येक ओळीखाली लाल शेरे मारलेस, आणि चार महिन्यांत तो पळाला. तुझ्या अंगणात दुसऱ्या कोणी झाड लावलेलं तुला चालत नाही.

चौदा दिवस पंचवीस तारखेला संपतात. खरी हरकत असेल तर लिहून कळव. मी ऐकेन. देवाशप्पथ ऐकेन.

तुझी,
स्मारांदा


याश, २० मार्च २०१९
(हे पत्र तेव्हा पाठवलं गेलं नाही)

प्रिय स्मारा,

चौदाही कलमं वाचली. चांगली आहेत. पोरगी हुशार आहे, हे लिहिताना माझी पेन्सिल मोडायची बाकी आहे.

पण बारावं कलम. 'कंसातली माहिती मिळाली नाही, तर ती जागा कोरी सोडून प्रोग्राम पुढे चालू राहील.' स्मारा, हे चूक आहे. कोऱ्या जागेला वाचणारा माणूस स्वतःचा अर्थ देतो. 'मुलं:' आणि पुढे काही नाही, असं दिसलं की वाचणारा म्हणतो, मुलं नाहीत. खरं तर कोणी विचारलेलंच नसतं. 'माहीत नाही' आणि 'नाही' यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हे कलम तो फरक पुसून टाकतं. त्याऐवजी एक शब्द घातला की काम होईल: 'थांबेल'.

हे तुला कळवलं की तू तिला सांगणार. ती अर्ध्या तासात दुरुस्त करणार आणि लिस्टवर माझे आभार मानणार. मग तिच्या कामात बोट ठेवायला जागाच उरणार नाही. क्लुजला पुन्हा लोक उभे राहतील.

एकदा पडू दे तोंडावर. महिन्याभरात कोणीतरी तक्रार करेल, चार लोक हसतील, आणि मग सगळे विचारतील की आधीचा थांबा कुठे गेला. तेव्हा माझ्याकडेच यावं लागेल त्यांना.

पत्र लिहून झालं. पोस्ट सहापर्यंत उघडं असतं. आता साडेचार झालेत. मी कुठे जात नाही.


याश, २४ मार्च २०१९
(पोस्टकार्ड)

स्मारा, वाचलं सगळं. माझी हरकत नाही. लिस्टवर गप्प राहते आहे, त्याचा अर्थ तू घ्यायचा तो घे. इथे अजून थंडी आहे.
वेतुरिया


तिमिश्वारा, २ मे २०१९

प्रिय वेता,

ईस्टर कसा झाला? माझा सणाचा गोड पाव, कोझोनाक, यंदा मधोमध बसला, नवरा म्हणाला टोपी म्हणून घालता येईल.

नवी आवृत्ती एप्रिलच्या मध्यावर बाहेर पडली. दोन आठवड्यांत जितक्या लोकांनी घेतली तितक्या मागच्या दोन वर्षांत घेतली नव्हती. त्या मास्तरांच्या वर्गाने फोटो पाठवलाय, फळ्यावर ती एक ओळ आणि समोर पोरं दात काढून उभी. ठिकठिकाणी लोक जुने प्रोग्राम काढून सात ओळींची एक ओळ करत बसलेत. इलिंकाला बर्लिनहून बोलावणं आलंय.

तुझं पोस्टकार्ड मी स्वयंपाकघरात लावून ठेवलंय. तुला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. स्वतःच्या हाताने बांधलेली भिंत दुसरीला पाडू देणं सोपं नसतं. तू गप्प राहिलीस, हा तुझा मोठेपणा. इलिंकालाही तसंच सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना भेटायची फार इच्छा आहे, पण भीती वाटते."

तुझीच,
स्मारांदा


याश, ११ मे २०१९

प्रिय स्मारा,

मोठेपणा वगैरे लिहू नकोस, मला सवय नाही.

काल वर्गात एका मुलाने गृहपाठ दिला. सगळीकडे महिरपी कंस. मी विचारलं, "थांबा कुठाय?" तो म्हणाला, "बाई, ते जुनं झालं." अठरा वर्षं मी शिकवते आहे आणि माझ्याच वर्गात मी जुनी झाले. त्याला कमी मार्क दिले. नंतर खोडून बरोबर दिले, पण आधी कमी दिले होते हे तुला सांगून ठेवते.

बर्लिन का? आपल्याला कधी कोणी ब्राशोवलासुद्धा बोलावलं नाही. तक्रारी काही आल्या का गं लिस्टवर? सहज विचारते.

वेतुरिया


तिमिश्वारा, २१ जून २०१९

वेता,

लिस्ट तू बघत असशील, तरी मी सगळं नीट लिहिते.

आमच्या भागातल्या एका छोट्या गावचं इस्पितळ दाखल होणाऱ्या रुग्णाचा कागद खारमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामने छापतं. मे महिन्यात त्यांच्या कंप्युटर सांभाळणाऱ्या पोरांनी प्रोग्राम नव्या पद्धतीने लिहिला. जुनी कार्डं कंप्युटरवर चढवताना पुष्कळ नोंदी राहिल्या होत्या. पूर्वी अशी नोंद आली की तुझा थांबा लागायचा, खिडकीवरची बाई कंप्युटरला शिव्या घालायची आणि रुग्णाला तोंडी विचारून भरायची. आता थांबला नाही. 'ॲलर्जी:' असं छापलं आणि पुढे कोरं.

नऊ तारखेला गाव्रिला नावाचे एक मधमाश्या पाळणारे गृहस्थ आले. करवतीने कापलेला हात पिकलेला, तापाने शुद्ध नाही. नर्सने कागद पाहिला, ॲलर्जी काही नाही असं वाचलं आणि पेनिसिलिन टोचलं. लहानपणापासून त्यांना ते चालत नाही, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. घसा मिटला. तीन दिवस श्वासाच्या नळीवर होते. वाचले आहेत.

लिस्टवर सगळे इलिंकावर तुटून पडलेत. एकाने 'खुनी कंस' असं नाव ठेवलंय. तिने काल राजीनामा दिला, फोन उचलत नाही. तिची आई म्हणते, जेवत नाही.

आता जे मी कोणालाच सांगितलेलं नाही ते. इलिंकाच्या पहिल्या मसुद्यात बाराव्या कलमात 'थांबेल' असंच होतं. तिने तुझा थांबा ठेवला होता, वर तुझं नावही लिहिलं होतं. मी तिला तो काढायला लावला. सांगितलं, लोक वैतागतात, कोरं सोड. ती दोन दिवस माझ्याशी वाद घालत होती, मग वरिष्ठ म्हणून माझं ऐकलं. आणि लोक वैतागतात म्हणून नव्हतं ते. अठरा वर्षं जाईन तिथे ऐकलंय, 'वेतुरियाचा थांबा'. खारमध्ये माझ्या नावाचं काय आहे? काही नाही. चहा-कॉफी, पत्रव्यवहार आणि मास्तरांना उत्तरं. मला एकदा तुझ्या नावाशिवाय काहीतरी उभं राहिलेलं बघायचं होतं.

मी तुला लाल शेरे मारणारी म्हणून हिणवत होते, आणि तिच्या कलमावर शेरा मारला तो मीच.

स्मारांदा


याश, १ जुलै २०१९

स्मारा,

सोबत एक जुनं पत्र जोडलं आहे, तारीख बघ. ते आधी वाच आणि मग हे पुढे वाच.

वाचलंस? तर तुला वाटला तो मोठेपणा हा असा होता. तू थांबा काढलास, मी काढलेला पाहिला आणि दार लावून बसले. तुला निदान पुढे काय होईल ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तुझं पत्र आल्यावर मी तिकीट काढलं. तुमच्याकडे यायला आमच्या गाडीला किती तास लागतात ते तुला ठाऊक आहे. तुझ्या गावावरूनच गेले, पण तुला कळवलं नाही. इस्पितळात गाव्रिला अंगणातल्या बाकावर बसले होते. आवाज अजून घोगरा आहे. मी बरोबर झाकुस्काची, घरच्या वांग्या-मिरच्यांच्या चटणीची, बरणी नेली होती, ती हातात धरूनच सगळं सांगत राहिले, कंस, कलम, कोरी जागा. त्यांनी हात वर केला.

"बाई, कंप्युटरचं मला नका सांगू. तुम्हाला माहीत होतं, एवढंच ना?"

"हो."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"मी जूनमध्ये आलो." मग त्यांनी विचारलं, "का नाही बोललात?"

खोटं बोलायला दोनतीन चांगली कारणं माझ्याकडे तयार होती, गाडीत जमवली होती. पण म्हटलं, "एका मुलीचं कौतुक झालं, ते मला बघवेना."

ते म्हणाले, "आमच्याकडे हे मधाच्या पोळ्यांवरून होतं. शेजाऱ्याचा मध चांगला निघाला की माणसाला झोप नाही. मला वाटायचं शिकलेल्या लोकांत नसेल." आणि मग, "त्या मुलीला सांगितलंत?"

"नाही."

"मग इथे काय करताय?"

बरणी त्यांनी घेतली नाही. मी ती खिडकीवरच्या बाईला देऊन आले.

येतानाच्या गाडीत मी एकच विचार करत होते, आणि तो तुला सांगायची लाज वाटते. तिने मसुद्यात माझं नाव लिहिलं होतं. ते कळून मला आधी आनंद झाला, स्मारा. आधी आनंद, आणि रडू नंतर.

वेतुरिया


तिमिश्वारा, ८ जुलै २०१९

वेता,

तुझं जुनं पत्र वाचून मी पोस्टकार्ड भिंतीवरून काढून फाडलं. मग तुकडे गोळा करत बसले, कारण मी कोणत्या तोंडाने फाडतेय? नवरा विचारत होता काय झालं, त्याला म्हटलं कांदा चिरतेय. समोर कांदा नव्हता.

आज तुझ्यावर माझा फार राग आहे आणि तो टपालाने उतरणारा नाही. पण आपला कागदावर भांडायचा करार आता आपल्याच सोयीचा झालाय. आपण इथे पाकिटांत एकमेकींना माफ करत बसू आणि तिकडे लिस्टवर त्या पोरीला दगड पडत राहतील. मी माझं आज संध्याकाळी लिस्टवर लिहिते, नावानिशी. तू तुझं लिही. एकमेकींना दाखवायचं नाही, एकीने दुसरीचं सावरायचं नाही.

तिचा पत्ता खाली देते. ती आईकडे आहे, लुगोजला.

स्मारांदा


याश, १२ जुलै २०१९

प्रिय इलिंका,

मी वेतुरिया. आपण कधी भेटलो नाही. तू मला घाबरतेस असं कळलं होतं, आणि ते कळल्यावर मला बरं वाटलं होतं. पुढचं वाचण्याआधी तुला हे माहीत असलेलं बरं.

आज सकाळी मी लिस्टवर सगळं लिहिलं आहे. मार्चच्या विसाव्या तारखेला मला बाराव्या कलमातली चूक दिसली होती. 'नाही' म्हणायला माझ्याकडे पाच दिवस होते आणि एक शब्द पुरला असता. मी गप्प राहिले, कारण तुझं काम चांगलं होतं. ते जर वाईट असतं तर मी पहिल्याच दिवशी बोलले असते. ते कलम तुझं नव्हतं, हेही स्मारांदाने नावानिशी लिहिलं आहे. दुरुस्ती केली आहे, थांबा परत घातला आहे. इस्पितळाच्या पोरांशी फोनवर बोलले, त्यांच्याकडे तो काल रात्रीपासून चालू आहे. राखणदारीतून मी बाहेर पडले. ती जागा तुझ्याकडे जावी असं लोक म्हणतायत. घ्यायची की नाही ते तू ठरव, मी त्यात बोलणार नाही, आणि यावेळी माझं न बोलणं म्हणजे फक्त न बोलणं आहे.

गाव्रिलांना भेटून आले. ते बरे आहेत. त्यांचा राग माझ्यावर आहे, तुझ्यावर नाही. ते तू आईला आवर्जून सांग, आणि जेवत जा.

माफी मागते, पण ती तू द्यावीस अशी अपेक्षा नाही. तुझ्याबद्दलचा हेवा अजून गेलेला नाही, गेला असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. दुपारी कामावरचे सगळे गेल्यावर मी दार लावलं आणि तुझी पद्धत पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लिहून पाहिली, माझेच जुने सात ओळींचे प्रोग्राम काढून. चार वाजेपर्यंत बसले होते. फार सुंदर आहे गं. हे मी तुला मार्चमध्ये लिहायला हवं होतं.

वेतुरिया